वीस मिनिटं बोला, तासभर ऐका

डंकन डॅलस यॉर्कशर टेलिव्हिजनसाठी विज्ञानाचे कार्यक्रम करायचे. १९९८ मध्ये त्यांच्या वाचनात एक मृत्युलेख आला, मार्क सोते या फ्रेंच तत्त्वज्ञाचा. पॅरिसला बास्तीयच्या चौकात 'काफे दे फार' नावाचं कॉफीगृह आहे. तिथे १९९२ पासून सोते रविवारी सकाळी लोकांना जमवून तत्त्वज्ञानावर चर्चा करत. यायला ना निमंत्रण लागे, ना पदवी. कॉफी मागवायची आणि बोलायचं. डॅलस यांनी ठरवलं, लीड्समध्ये विज्ञानाची अशीच बैठक भरवायची. चॅपल अॅलर्टन या भागातल्या एका वाइन बारमध्ये ती सुरू झाली. कॉफीच्या एका कपाच्या किंवा वाइनच्या एका ग्लासाच्या किमतीत कुणीही यावं आणि आपलं जगणं बदलणाऱ्या विज्ञानाबद्दल बोलावं, एवढीच कल्पना. पुढे हीच रीत 'सायन्स कॅफे' म्हणून देशोदेशी गेली. डॅलस २०१४ मध्ये गेले, बैठका चालू आहेत.

या बैठकीची घडण मोठी विचारपूर्वक केलेली आहे. वक्त्याने वीसेक मिनिटं बोलायचं. पडदा नाही, स्लाइड नाहीत. मग मध्यंतर, ग्लास भरून घ्यायला. त्यानंतर तासभर प्रश्नोत्तरं. मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते मध्यंतर. आपल्याकडे व्याख्यान संपल्यासंपल्या 'कुणाला काही विचारायचं असल्यास' अशी घोषणा होते आणि सभागृह गप्प बसतं. लोकांना प्रश्न नसतात म्हणून नव्हे. प्रश्न मनात धरायला वेळ लागतो. शेजारच्याला आधी हळूच विचारून पाहावं लागतं, 'ते मधलं तुम्हाला कळलं का हो?' त्यालाही कळलेलं नसतं, आणि तिथे धीर येतो. दहा मिनिटांच्या मध्यंतरात एका टेबलावरची पाच अनोळखी माणसं मिळून एक नेमका प्रश्न तयार करतात. एकट्याने उठून तो विचारायची त्यांच्यातल्या कुणाचीच छाती झाली नसती.

स्लाइड नसण्यालाही असाच अर्थ आहे. पडदा असला की वक्ता आणि श्रोते दोघंही पडद्याकडे बघतात. तो नसला की वक्त्याला समोरच्या चेहऱ्यांकडे बघावंच लागतं, आणि चेहरा लगेच सांगतो की आपलं वाक्य कुठे अडलं.

इंग्लंडमध्ये मुलीकडे गेले असताना मी अशा एका बैठकीला बसले होते. पबच्या माडीवरची खोली, लाकडी बाकं, खालून येणारा ग्लासांचा आवाज. पीएचडी करणारी एक मुलगी प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर बोलली. हातात कागदाचा एक कपटाही नव्हता. जिवाणू ही प्रतिकारशक्ती आपल्या वंशजांना तर देतातच, पण प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यातून ती शेजारच्या, पार वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतात, हे तिने इतकं स्वच्छ सांगितलं की खोलीतल्या सगळ्यांनी पेले खाली ठेवले.

मध्यंतरानंतर एक दूध उत्पादक शेतकरी उठला. म्हणाला, गाय आटवताना चारही सडांत प्रतिजैविकाची नळी सोडायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत. सगळ्या गायींना, सरसकट. आता जनावरांचे डॉक्टर सांगतात, ज्या गाईच्या कासेत संसर्ग आहे तिलाच द्या, बाकीच्यांची सडं नुसती बंद करा. तसं मी करतोय. पण इतकी वर्षं जे जिवाणू औषध पचवायला शिकले, ते आता औषध बंद झाल्यावर ती विद्या विसरतील का?

ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेतही रोज येतो. औषधाशी लढण्याची यंत्रणा बाळगणं जिवाणूला महागात पडतं, त्यात त्याची शक्ती खर्च होते. म्हणून औषध नसलं की साधे जिवाणू त्यांना मागे टाकू शकतात. पण दरवेळी नाही. काही जिवाणूंमध्ये आणखी असे बदल होतात की तो खर्चच भरून निघतो. मग ते औषधाशिवायही टिकून राहतात. एवढं सांगून तिने त्यालाच विचारलं, कुठली गाय औषधाशिवाय सोडायची हे तुम्ही ठरवता कसं? तो बोलायला लागला. दुधातल्या पेशींची मोजणी दर महिन्याला येते, ती कुठल्या आकड्याच्या वर गेली की कान टवकारायचे, कुठली गाय आकडा चांगला असूनही दगा देते, कासेला हात लावल्यावर काय कळतं. तिने वही काढली आणि लिहून घ्यायला सुरुवात केली.

कासदाह, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो आजार, आपल्या गोठ्यांतही आहे आणि त्यावरची औषधंही तीच आहेत. त्या खोलीत बसून मला सारखं वाटत होतं की हे संभाषण संगमनेरला किंवा बारामतीला व्हायला हवं होतं.

लोक जमतात, खातात-पितात तिथे विज्ञान नेण्याची लंडनची परंपरा खूप जुनी आहे. १६९८ मध्ये, म्हणजे लीड्सच्या बैठकीच्या बरोबर ३०० वर्षं आधी, जॉन हॅरिस नावाचे पाद्री बर्चिन लेनमधल्या मरीन कॉफी हाउसमध्ये गणिताची जाहीर व्याख्यानं देऊ लागले. ऐकायला पैसे पडत नसत. खर्च उचलला होता चार्ल्स कॉक्स यांनी. ते साउथवर्कचे खासदार, आणि धंदा बिअर गाळण्याचा. लंडन तेव्हा जहाजांचं शहर होतं. नौकानयनाला गणित लागतं, विम्याला लागतं, मालाच्या हिशेबाला लागतं. ज्यांना त्याची रोज गरज होती त्यांच्या वाटेवरच ते आणून ठेवलं गेलं. याच हॅरिस यांनी १७०४ मध्ये 'लेक्सिकॉन टेक्निकम' हा विज्ञान-तंत्रज्ञानाचा इंग्रजी कोश काढला.

आजच्या काळातला या जातीचा सगळ्यात मोठा उत्सव म्हणजे 'पाइंट ऑफ सायन्स'. त्याचा जन्म मला फार हृद्य वाटतो. २०१२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या प्रवीण पॉल आणि मायकल मोत्स्किन या दोघा संशोधकांनी पार्किन्सन, अल्झायमर, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा मेंदूच्या आणि मज्जासंस्थेच्या आजारांचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना प्रयोगशाळेत बोलावलं. ज्या आजाराने आपलं घर व्यापलंय त्यावर नेमकं काय काम चाललंय, ते या माणसांनी स्वतः पाहिलं. त्यावरून दोघांना सुचलं की लोक प्रयोगशाळेत येऊ शकतात, तर संशोधकांनी लोकांकडे का जाऊ नये? मे २०१३ मध्ये लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या तीन शहरांतल्या पबांमध्ये सलग तीन संध्याकाळी पहिला उत्सव झाला. आता दर मे महिन्यात वीसहून अधिक देशांतल्या शेकडो शहरांत एकाच वेळी तो होतो.

एवढा मोठा पसारा झाला की काही ठिकाणी करमणूक वरचढ होते. प्रश्नमंजूषा येते, बक्षिसं येतात, वक्ता टाळ्यांसाठी बोलू लागतो. मला डॅलस यांची साधी, हळू चालणारी बैठक जास्त आवडते. शिवाय पब ही सगळ्यांची जागा नव्हे. जे पीत नाहीत, ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत, ज्यांच्या धर्मात दारू वर्ज्य आहे, त्यांना तिथे अवघडल्यासारखं होतं. पण पब हा काही या रीतीचा प्राण नाही. वक्ता आणि श्रोता एकाच उंचीच्या खुर्चीवर बसतात, एकाच भांड्यातलं पितात आणि 'मला हे कळलं नाही' असं मोकळेपणी म्हणू शकतात, हा तिचा प्राण.

आपल्याकडे व्याख्यानाची परंपरा थोर आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, मी त्यावर वाढले आहे. पण व्याख्यानाला उंच व्यासपीठ असतं, अध्यक्ष असतात, सत्कार आणि आभार असतात. या सगळ्यात श्रोत्याच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं येतात, आणि पुष्कळदा तीही वेळेअभावी जातात.

प्रश्नाची किंमत काय असते हे जयंत नारळीकरांना ठाऊक होतं. शाळकरी मुलं स्वाक्षरीसाठी वही पुढे करत, तेव्हा ते सही करत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल, असं सांगत. मुलाला आधी घरी जाऊन विचार करावा लागे. लीड्सच्या बारमधलं मध्यंतर हेच काम करत होतं.

मुंबईत ही बैठक आली ती चहाच्या सोबतीने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये 'चाय अँड व्हाय?' सुरू केलं. रविवारी सकाळी, विनामूल्य, सगळ्यांसाठी खुलं. नंतर माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजातही ते होऊ लागलं. पृथ्वीच्या आवारात नाटकवेड्यांच्या बरोबरीने आजोबा, आया, शाळेतली मुलं पदार्थविज्ञानावर वाद घालताना दिसतात, ही माझ्या लेखी मुंबईच्या अभिमानाची गोष्ट आहे.

मला आता हे जुहूच्या बाहेर हवं आहे, आणि मराठीत हवं आहे. त्यासाठी लांब जायला नको. याच टाटा संस्थेची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण जुन्नर तालुक्यात खोडदला आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन भरतं आणि पंचक्रोशीतली शाळकरी मुलं झुंडीने येतात. पण तो वर्षातला एक उत्सव. एरवी तबकडी शेताच्या बांधावरून दिसते आणि तिच्याबद्दल विचारायला कुणी नसतं.

नारायणगाव तिथून जवळ आहे. टोमॅटोचा बाजार उरकल्यावर शेतकरी चहाला थांबतात. महिन्यातून एकदा दुर्बिणीवरचा एखादा संशोधक तिथल्या हॉटेलात येऊन बसला, तर प्रश्नांना तोटा पडणार नाही. तबकडीला भोकंच भोकं, नुसती जाळी, मग तिच्यात काही टिकतं कसं? दिवसाउजेडी आकाशातलं काय दिसतं? एवढा पैसा घालून आम्हाला काय मिळालं? हा शेवटचा प्रश्न तर आधी यायला हवा आणि त्याला आडवळण न घेता उत्तर मिळायला हवं. मग मध्यंतर, दुसरा चहा. आणि नंतर संशोधकाने आपला प्रश्न विचारावा. विजेच्या तारांवर सैल जोडापाशी ठिणगी पडली की तिचा खरखराट दुर्बिणीत उतरतो आणि अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा क्षीण संदेश त्यात बुडून जातो. कुठल्या शिवारातली तार वाऱ्याने हलते, कुठल्या खांबावर रात्री ठिणग्या दिसतात, हे त्या चहाच्या टेबलाभोवती बसलेल्यांना माहीत असतं.