एकाच नावाखाली दोन मासे



दोन वाणांचे बी एका पोत्यात मिसळले, तर कोणते उगवले आणि कोणते वाया गेले, हे समजत नाही. असाच घोटाळा समुद्रातील एका माशाच्या बाबतीत ऐंशीहून अधिक वर्षे चालला.

कोकणातील वाचकांना पसरट अंगाचा, लांब शेपटीचा पाकट ठाऊक आहे. त्याचा दूरचा भाऊबंद म्हणजे स्केट. पाकट पिले देतो, स्केट अंडी घालतो. ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्सच्या बाजूच्या थंड समुद्रात 'कॉमन स्केट' पूर्वी भरपूर मिळे. १९२६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे दोन प्रकार एकच जात मानले. २०१० च्या सुमारास संशोधकांनी शरीररचना व आनुवंशिक गुण तपासले, तेव्हा त्या दोन स्वतंत्र जाती ठरल्या.

पहिली जात ब्लू स्केट. ती सुमारे दीड मीटरपर्यंत वाढते. डोळ्याची बाहुली सोडून बाकीचा भाग फिकट पिवळा असतो. मादी सव्वा मीटरची झाली की वयात येते. दुसरी फ्लॅपर स्केट. ती अडीच मीटरच्या पुढे जाते, डोळा गडद असतो आणि मादी जवळजवळ दोन मीटरची झाल्यावरच अंडी घालते. कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत फुटते, या स्केटच्या अंड्याला सुमारे दीड वर्ष लागते!

आता विचार करा. वयात येण्याआधी जी अधिक वर्षे जाळ्यातून वाचली पाहिजे, तिचाच वंश आधी तुटणार. पण नोंदवहीत दोघींचे नाव एकच. त्यामुळे मोठी जात कोठे आणि किती घटली, हे आकड्यांत दिसलेच नाही. आज दोन्ही जाती अतिसंकटग्रस्त गणल्या जातात.

उपाय उशिरा का होईना, सुरू झाले. युरोपीय संघाने २००९ साली हा मासा पकडून आणण्यास बंदी घातली. स्कॉटलंडने फ्लॅपर स्केटसाठी २०१४ साली पश्चिम किनाऱ्यावर संरक्षित क्षेत्र जाहीर केले आणि २०२१ साली अंडी घालण्याची एक जागाही राखून ठेवली.

आपल्या गोठ्यासही हे लागू आहे. देवणी, डांगी, लाल कंधारी अशा साऱ्या गाई 'गावठी' या एकाच नावाखाली लिहिल्या, तर त्यांतली कोणती नाहीशी होत आहे, हे कळणार कसे? पशुगणनेचा माणूस दारी येईल, तेव्हा जनावराची जात नीट सांगा. ज्याचे नाव वेगळे लिहिले जाते, त्याचीच काळजी वेगळी घेता येते.