भागीदारी कोणाशी आणि कशात?

स्त्री-पुरुष समतेसाठी शासनाने हाती घेतलेल्या विकास-कार्यक्रमांना आता अर्धे शतक उलटून गेले आहे. भारतीय स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीने आपला अहवाल १९७४ च्या अखेरीस केंद्र सरकारला सादर केला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून पाळले गेले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा आला. १९९४ साली राज्याने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि २०२४ च्या मार्चमध्ये चौथे. योजनांची वानवा आपल्याकडे कधीच नव्हती. प्रश्न आहे तो त्यांच्या कसाचा.

हा कस वाढविण्यासाठी अलीकडे दोन उपाय आग्रहाने सांगितले जातात : भागीदारी आणि नवे प्रयोग. शासन, बँका, स्वयंसेवी संस्था, उद्योगसमूह आणि आंतरराष्ट्रीय निधी यांनी एकत्र यावे, नव्या पद्धती शोधाव्यात, म्हणजे कार्यक्रम परिणामकारक होतील, असा हा विचार आहे. या दोन्ही शब्दांना समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु भागीदारी म्हटली की तिच्या अटी तपासाव्या लागतात. अर्धेलीने जमीन कसणाऱ्यालाही भागीदारच म्हणत. पण कोणते पीक घ्यावयाचे, माल केव्हा विकावयाचा आणि हिशेब कोणी लिहावयाचा, हे मालकच ठरवीत असे. ज्या भागीदाराला हिशेब पाहण्याचा, अटी बदलून मागण्याचा आणि प्रसंगी नकार देण्याचा अधिकार नाही, तो भागीदार नव्हे. तो फक्त राबणारा. स्त्रियांसाठी आखलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला प्रथम हीच कसोटी लावावयास हवी.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव या बाबतीत पुरेसा बोलका आहे. या राज्याने देशाला दिलेला सर्वांत मोठा नवा प्रयोग म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तो लहान प्रमाणावर करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. कामाच्या, मजुरीच्या आणि धान्याच्या मागणीसाठी गावोगाव मोर्चे निघाले, त्यांत या स्त्रिया पुढे होत्या. त्या रेट्यातूनच १९७७ चा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम हा हक्क ठरला आणि त्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शहराने गावाच्या श्रमाचा भार उचलावा, ही खरीखुरी भागीदारी होती. कोणा एका खात्याच्या कल्पकतेने ती घडली नाही. एका बाजूला विचार करणारा लोकप्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला संघटित श्रमिक आणि दोहोंमध्ये कायद्याचे बंधन, असा तिचा पाया होता.

याच योजनेचा उत्तरार्धही लक्षात ठेवण्यासारखा आहे. कामावरील स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघर, सावली आणि पिण्याचे पाणी यांची तरतूद नियमांत होती. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही, सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तेथे त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक करावी, असे सांगितले होते. जेथे मजुरांची संघटना होती तेथे पाळणाघर मिळाले. जेथे ती नव्हती तेथे झाडाला लुगडे बांधून मूल झोपविण्याची वेळ बाईवर आली. नियम एकच, निधी तोच, अधिकारीही त्याच पठडीतले. फरक पडला तो मागणी करणाऱ्यांच्या बळामुळे. कार्यक्रमाची गुणवत्ता आराखड्यात कमी आणि ही मागणी करण्याच्या शक्तीत अधिक असते, हा पहिला धडा.

दुसरा धडा बचत गटांचा. १९९२ मध्ये राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तारण नसलेल्या बाईला गटाच्या जामिनावर कर्ज मिळू शकते, हे त्याने सिद्ध केले. सावकाराच्या दारात उभी राहणारी बाई बँकेत खुर्चीवर बसू लागली, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पुढे गटांची संख्या आणि परतफेडीची टक्केवारी हेच यशाचे माप ठरले. कर्ज बाईच्या नावावर, परतफेडीची चिंता बाईच्या माथी आणि जमीन, घर, विहीर मात्र नवऱ्याच्या नावावर, ही स्थिती असंख्य घरांत कायम राहिली. परतफेड वेळेवर झाली एवढ्यावरून समता वाढली असे मानणे म्हणजे, सारा वेळेवर भरला म्हणून कुणबी सुखी आहे असे मानण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर शेतकरी संघटनेच्या एका उपक्रमाची आठवण करणे योग्य होईल. तिच्या बाजारविषयक भूमिकेशी समाजवादी चळवळीचे मतभेद जगजाहीर आहेत. परंतु १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी महिला आघाडी उभी राहिली आणि पुढे लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी स्वखुशीने आपल्या पत्नीच्या नावे जमिनीचा हिस्सा करून दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यासाठी कोणताही परदेशी निधी लागला नाही. सातबाऱ्यावर बाईचे नाव आले की बँक, तलाठी आणि सासर या तिन्ही ठिकाणी तिचे स्थान बदलते, ही साधी गोष्ट चळवळीने ओळखली. अनेक योजनांना ती अद्याप उमगलेली नाही.

तिसरा धडा अधिक कटू आहे. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर 'आशा' सेविकांची योजना आली. आरोग्यसेवा आणि गाव यांमधील भागीदारीचा दुवा म्हणून तिचा गौरव होतो. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही या सेविकांचा सन्मान केला. महाराष्ट्रात अशा सुमारे ७० हजार सेविका आहेत. पण कोविडच्या साथीत घरोघर फिरणारी ही बाई शासनाच्या लेखी कामगार नव्हती, 'स्वयंसेविका' होती. तिला वेतन नव्हते, मानधन आणि मोबदला होता. योजनांवर राबणाऱ्या या स्त्रियांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ मध्येच केली होती. मानधनवाढीसाठी २०२४ च्या आरंभी या सेविकांना संप करून आझाद मैदानावर मुक्काम ठोकावा लागला. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे प्रस्थापित होण्यासाठी तर २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. स्त्रियांच्या कल्याणाचा कार्यक्रम स्त्रियांच्याच स्वस्त श्रमावर चालवावयाचा आणि त्या स्वस्ताईला सेवाभाव म्हणावयाचे, ही भागीदारी नव्हे. हे घरातल्या वेठीचे सरकारी रूप आहे.

आणि ज्यांच्यापर्यंत एकही कार्यक्रम धडपणे पोहोचला नाही, त्या ऊसतोडणीच्या स्त्रियांचे काय? मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. उचल कुटुंबाच्या नावे दिली जाते, बाईची वेगळी मजुरी लिहिलीच जात नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळी आली म्हणून खाडा झाला तर दंड, फडात मोरीची सोय नाही, दवाखाना दूर आणि कर्जाचा फास, या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होता. जिचा श्रम वहीत स्वतंत्रपणे नोंदलाच जात नाही, तिच्यासाठी आरोग्य शिबिर भरविणे उपयोगी असेल, पण पुरेसे नाही. 'अर्धा कोयता' पूर्ण मजूर म्हणून नोंदला जाणे, हाच येथील सर्वांत मोठा नवा प्रयोग ठरेल.

२०२४ साली राज्याने लाडकी बहीण योजनेद्वारे दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रियांच्या खात्यात जमा करण्यास सुरुवात केली. गरीब घरात या रकमेचे महत्त्व काय असते हे ठाऊक असलेला कोणीही तिची टिंगल करणार नाही. परंतु ओवाळणी आणि हक्क यांत अंतर आहे. ओवाळणी किती घालावयाची हे भाऊ ठरवितो. हक्काची रक्कम कायदा ठरवितो आणि ती थकली तर दाद मागता येते. बहिणीला वाटा मागू न देणारा भाऊ भाऊबीजेला उदार होतो, हे आपल्या समाजाला नवीन नाही.

मग चांगली भागीदारी कोठे दिसते? केरळात लोकयोजनेच्या काळात स्थानिक संस्थांच्या योजनानिधीतील १० टक्के रक्कम स्त्रियांच्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवण्यात आली आणि १९९८ मध्ये 'कुटुंबश्री'ची उभारणी झाली. वस्तीपासून पंचायतीपर्यंत स्त्रियांनी निवडलेल्या समित्या असल्यामुळे तेथे पंचायतीसमोर एकटी बाई उभी राहत नाही, संघटना उभी राहते. महाराष्ट्रातही महिला आर्थिक विकास महामंडळाने उभारलेली लोकसंचालित साधन केंद्रे या दिशेची आहेत; बचत गटांच्या स्त्रियाच त्यांचा कारभार पाहतात. त्यांना व्यवसायाबरोबर मजुरी, जमीन आणि आरोग्य यांविषयी प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य मिळाले, तर ती खऱ्या अर्थाने लोकसंचालित होतील.

पक्षाच्या कार्यकर्त्यांना येथे प्रत्यक्ष काम आहे. महाराष्ट्रात प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या गावात ती खरोखर होते की फक्त सह्यांची वही फिरते, हे साथींनी पाहावे. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च झाली का, कशावर झाली आणि ते कोणी ठरविले, हा हिशेब त्या सभेत मागावा. स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईच्या खुर्चीत तिचा नवरा बसत असेल तर गावासमोर हरकत घ्यावी. साखर हंगामापूर्वी आपल्या भागातील स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांच्या याद्या कराव्यात. आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या लढ्यात पाठिंब्याचे पत्रक काढून थांबू नये. मांडवात जाऊन बसावे.

आणि एक प्रश्न स्वतःच्या घरातही विचारावा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनमोबदला घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते, तर घरकामात हातभार लावणारा पुरुष ८८ मिनिटे. बैठकीला स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्या कार्यकर्त्याने ही दोनशे मिनिटे कोठे गेली याचा शोध घ्यावा. त्या वेळात बैठक होते, अर्ज लिहिला जातो, हिशेब तपासला जातो, संघटना उभी राहते. तो वेळ मोकळा करून देणे हीसुद्धा भागीदारीच आहे, आणि तिच्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.