लोटलेले दार

दिवाळीच्या अंकात असला विषय पाहून वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. तोंडात चकलीचा घास असताना माथेफिरू विचारांची चर्चा कुणाला हवी? पण गेल्या दिवाळीत आमच्या इमारतीत जे घडले, ते सांगितल्यावाचून यंदाचा कंदील लावावासा वाटेना. म्हणून सांगतो.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा. नाव कशाला हवे? वय एकोणीस. इमारतीचा मोठा कंदील दर वर्षी तोच करी. कामट्या तासण्यापासून खळ शिजवण्यापर्यंत सारे काम त्याच्या अंगावर. बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटी खाल्ली आणि स्वारी खोलीत जाऊन बसली ती बसलीच. एकदा त्याच्या आईने आमच्या हिला हळूच सांगितले, "रात्री तीन-तीन वाजेपर्यंत मोबाईलचा उजेड दिसतो हो. आणि जुन्या मित्रांचे नाव काढले की अंगावर येतो."

हिने ते मला सांगितले. मी म्हणालो, "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसा?" हे वाक्य पुढे मला फार महागात पडले.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी कंदिलाची चौकशी करायला गेलो. "कंदील कसले लावता, काका?" तो म्हणाला, आणि मग एका समाजाविषयी जे बोलला, ते इथे छापण्याजोगे नाही. त्याच समाजातला एक मुलगा पाचवीपासून त्याच्या डब्यात जेवलेला! वडिलांनी थोबाडीत ठेवून दिली. मी वडीलकीच्या थाटात बंधुभावावर अर्धा तास व्याख्यान झोडले. चपराक आणि व्याख्यान, दोहोंचा परिणाम एकच झाला. दाराला आतून कडी लागली.

त्या रात्री झोप येईना. कपाटातून एक पुस्तक काढले. सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याचे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' वाचकहो, भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव. १९७० साली तिथे शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भीषण दंगल झाली. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा भडका उडाला. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसे मेली. असे हे गाव डिसेंबर १९९२ मध्ये आणि पुढच्या जानेवारीत मुंबई पेटली, सुमारे ९०० माणसे प्राणांस मुकली, तेव्हा शांत राहिले!

जादू कसली? खोपडे १९८८ च्या सुमारास भिवंडीला आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांतून सुमारे ७० समित्या उभ्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे आणि त्या भागाचा साधा शिपाई. बैठक व्हायची ती दंगलीनंतर नव्हे, एरवीच. विषय गल्लीतल्या लहानसहान भांडणांचे. त्यामुळे झाले काय, की ज्या दिवशी अफवा आली त्या दिवशी ती खरी की खोटी हे विचारायला पलीकडच्या आळीत ओळखीचा माणूस होता. अनोळखी माणसाबद्दल काहीही खरे वाटते. ज्याच्याबरोबर चहा घेतला त्याच्याबद्दल वाटत नाही. पुढे १९९४ मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मुंबईतही मोहल्ला समित्यांचे काम सुरू केले. पोलीस आणि वस्तीतली पोरे यांचे क्रिकेटचे सामनेसुद्धा भरवले.

मात्र कुणी याला लस समजू नये, की एकदा टोचली आणि जन्माची निश्चिंती झाली. त्याच भिवंडीत २००६ साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तंटा पेटला आणि दोन पोलिसांचा बळी गेला. खोपडे तोवर कधीच बदलून गेले होते. हे काम पाणी भरण्यासारखे आहे. कालचे भरलेले आज पुरत नाही.

असाच प्रयत्न दूर डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहराने केला. २०१३ पर्यंत तिथले तीसेक तरुण सीरियाच्या लढाईत गेले होते. पोलिसांनी, शाळांनी आणि समाजसेवकांनी मिळून एक सोय केली. आईबापांना किंवा शिक्षकांना एखाद्या मुलाची काळजी वाटली, तर त्यांनी खुशाल कळवावे. मुलाने गुन्हा केला नसेल तर त्याला गुन्हेगार समजायचे नाही. जोडीला एक जाणता माणूस द्यायचा, आणि शिक्षण, नोकरी, घर यांची अडचण सोडवायला हात लावायचा. पुढच्या वर्षी तिथून जाणारे अगदी बोटांवर मोजण्याइतके उरले. सगळे श्रेय या एकाच उपायाला देणे बरोबर होणार नाही. पण दिशा खोटी नव्हती.

यात एक पथ्य मात्र पाळायला हवे. मुलगा देवळात जाऊ लागला, नमाज पढू लागला, दाढी राखू लागला, म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणे हा मूर्खपणा. त्यानेच उलट तो दुरावतो. पाहायचे ते वेगळेच. जुनी मैत्री अचानक तुटली का? "ते" आणि "आपण" यांखेरीज भाषाच उरली नाही का? कुणाला धडा शिकवण्याची, हत्याराची गोष्ट निघते का? शेवटचे दिसले तर मात्र पोलिसांकडे जायला लाजू नये. तिथे शेजारधर्माची मर्यादा संपते.

आमचे प्रकरण तिथवर गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईपुढे चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याला सगळे सांगतात. विचारत कुणीच नाही." मला एकदम त्याचे शाळेतले चित्रकलेचे सर आठवले. ते आता निवृत्त होऊन स्टेशनामागच्या वस्तीत शनिवारी मुलांना चित्रकला शिकवतात. मी त्यांना गाठले. सर आले, पण उपदेशाचा एक शब्द नाही. दाराबाहेर उभे राहून म्हणाले, "बाबा, माझे गुडघे गेले. पंचवीस पोरे आवरत नाहीत. कामट्या तासायला तुझा हात दे."

पहिल्या दोन शनिवारी गेला नाही. तिसऱ्या शनिवारी गेला. वस्तीत सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची पोरे. त्यांना याच्या मतांशी कर्तव्य नव्हते, कामट्यांशी होते. सरांनी त्याला बोलू दिले, पुष्कळ दिवस नुसते ऐकले. नापास होण्याची लाज, घरी बापाची मुकी नजर, आणि रात्री मोबाईलवर "तुझा दोष नाही, दोष त्यांचा" असे सांगणारे अनोळखी आवाज, हे सारे हळूहळू बाहेर आले. उन्हाळ्यात त्याने छपाईच्या तांत्रिक अभ्यासक्रमाला नाव घातले.

तो पूर्वीचा झाला असे मी म्हणणार नाही. अजून वाद घालतो, अजून कधी कधी तीच विषारी वाक्ये तोंडातून निसटतात. पण परवा कंदिलाच्या कामट्या घेऊन तो स्वतः आमच्याकडे आला. खळ शिजत असताना मी विचारले, "तुझ्या त्या डब्यातल्या मित्राला फोन केलास का रे?"

"अजून नाही, काका," तो खाली मान घालून म्हणाला. "काय बोलू तेच सुचत नाही."

यंदा मी व्याख्यान दिले नाही. रात्री जिना उतरताना सहज त्याच्या खोलीकडे नजर गेली. दार लोटलेले होते; कडी नव्हती. आपल्याही जिन्यावर असे एखादे बंद दार असेल, तर यंदा फराळाचे ताट घेऊन तिथे जरा लवकर जा. आणि गेल्यावर बोलण्याची घाई करू नका.