मामंजींचं इंजिन बॅटरीवर चालेल का?

दहिसरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, पण त्याचा मथितार्थ असा. त्यांच्या मामंजींकडे खेळण्यातल्या आगगाडीचं एक मोठं इंजिन आहे. जर्मनीत नोकरीला असलेल्या धाकट्या दिरांनी ते आणून दिलं होतं. चांगलं हातभर लांब, जड आणि हुबेहूब. मामंजी रेल्वेतूनच निवृत्त झालेले. रविवारी सकाळी हॉलमधल्या खुर्च्या बाजूला सारून ते पितळी रूळ जोडत आणि नातवंडं भोवती बसत. आता गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसून रूळ पुसणं होत नाही, आणि रूळ पुसले नाहीत तर इंजिन दोन वीत जाऊन अडतं. दोन वर्षं ते माळ्यावर पडून आहे. घरातले म्हणतात, विकून टाका, जागा तरी मोकळी होईल. ताई विचारतात, "याला बॅटरी बसवता येईल का? मला जमेल का? पंचाहत्तरीला गुपचूप चालू करून मामंजींना दाखवायचं मनात आहे."

बॅटरी बसवता येईल आणि ताई, तुम्हाला ते जमेलही. फक्त 'गुपचूप' हा शब्द तेवढा खोडून टाका. का, ते पुढे सांगते.

आधी दुखणं समजून घेऊ. अशा मोठ्या गाड्या न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीने 1968 साली बाजारात आणल्या. दोन रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर आणि गाडी खऱ्याच्या साडेबाविसाव्या हिश्शाएवढी. म्हणजे आपल्या जुन्या मीटरगेजचंच ते छोटं रूप. यांत वीज रुळांतून येते, चाकांतून वर चढते आणि मोटरला मिळते. पितळेवर काळपट थर चढला की वीज चाकापर्यंत पोचत नाही. आपली समुद्राकाठची हवा दमट आणि खारट. देवघरातली समई आठवड्यात काळवंडते, तिथे रुळांचं काय नवल! दोन रुळांचा सांधा सैल झाला तरी तेच होतं. म्हणजे दोष बहुधा इंजिनात नसतो, वाटेत असतो. वीज इंजिनाच्या पोटातच ठेवली की रूळ फक्त वाट दाखवायचं काम करतात. मग ते काळे असोत, नाहीतर प्लॅस्टिकचे असोत.

वीज पुरवायची रीत बदलणं हे काही आगगाडीला नवं नाही. बोरिवलीपर्यंत विजेची लोकल 1928 साली आली आणि पुढे दहिसरवरून विरारपर्यंत 1936 साली. ती 1500 व्होल्टवर चालत असे. पश्चिम रेल्वेने ते बदलून 25,000 व्होल्ट करण्याचं काम 2012 साली पूर्ण केलं. मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकल धावत होत्या, त्यामुळे एका रात्रीत सगळं उलटंपालटं करावं लागलं नाही. जबलपूर विभागाने तर 2020 साली वरच्या तारेवरही आणि बॅटरीवरही चालणारं शंटिंगचं इंजिन तयार केलं. त्याचं नाव 'नवदूत'. यातून आपण एवढंच घ्यायचं की बदल असा करावा, ज्यातून माघारी फिरता येईल. इंजिनाची एकही मूळ तार अशी कापू नका, जी पुन्हा जोडता येणार नाही.

आता कामाला लागू.

पहिलं, इंजिन तपासा. हातभर रूळ नीट पुसून जुन्याच वीजपुरवठ्यावर ते एकदा चालवून पाहा. आतला दातेरी चक्र तुटलं असेल तर बॅटरीने ते बरं होणार नाही. आत छापील सर्किटची पाटी दिसली, तर इंजिन डिजिटल असू शकतं. अशा वेळी ते जाणकाराला दाखवल्याशिवाय तारांना हात लावू नका.

दुसरं, उघडणं. जाड टॉवेलची घडी करून त्यावर इंजिन उलटं ठेवा. प्रत्येक पायरीला मोबाइलने फोटो काढा. स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत काढल्याच्या क्रमाने ठेवत जा. बसवताना उलट्या क्रमाने उचलले की एकही उरत नाही.

तिसरं, आणि सगळ्यांत महत्त्वाचं. चाकांकडून मोटरकडे जाणारी वाट आधी तोडा. कित्येक इंजिनांत चार तारा सापडतात. दोन चाकांच्या आणि दोन मोटरच्या. पण तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. साधा मल्टिमीटर 'पीं' वाजवून जोड आहे की नाही ते सांगतो. एक टोक चाकाला आणि दुसरं मोटरच्या तारेला लावा. आवाज आला नाही पाहिजे. डावी-उजवी सगळी चाकं आणि दोन्ही तारा अशा तपासा. ही पायरी गाळली तर बॅटरीची वीज चाकांतून रुळांत उतरते. रुळांवर चमचा किंवा कुलपाची किल्ली आडवी पडली की तारा तापतात. आणि चुकून कुणी जुना वीजपुरवठा सुरू केला तर ती वीज उलटी बॅटरीत घुसते. म्हणून बॅटरी बसवल्यावर रुळांचा जुना वीजपुरवठा वेगळ्या डब्यात बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवून द्या. सुट्या केलेल्या तारांच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि जोडायला काढता येणारे प्लग वापरा.

चौथं, बॅटरी. दुकानदार लिथियमचे सेल सुचवील. ते लहान आणि जोरदार असतात. पण चुकीच्या चार्जरवर किंवा ठेचले गेल्यास पेट घेऊ शकतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तर घरात आणूच नका. पहिल्या कामाला पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल-हायड्राइड सेल बरे. एक सेल 1.2 व्होल्टचा. बारा सेल एकापुढे एक जोडले की 14.4 व्होल्ट होतात. रुळांवरून या गाड्यांना 24 व्होल्टपर्यंत वीज मिळत असे. म्हणजे बॅटरीवर गाडी थोडी सावकाश जाईल, आणि हॉलमध्ये तीच चाल चांगली. सेल 2000 मिलिअँपियर-तासांचे असतील आणि मोटर अर्धा ते एक अँपियर घेत असेल, तर दोन ते चार तास गाडी चालते. बाराही सेल एकाच कंपनीचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. जुने-नवे मिसळू नका.

पाचवं, जागा. बारा सेलांचं वजन साधारण पाव किलोहून थोडं अधिक भरतं. इंजिनाच्या पोटात जागा नसेल तर मागच्या डब्यात सेलांचे होल्डर ठेवा आणि दोन तारांचा प्लग पुढे आणा. वजन जितकं खाली तितकं बरं, म्हणजे वळणावर डबा कलत नाही. डबा वेगळा ठेवण्यात आणखी एक सोय आहे. इंजिनाला भोक पाडावं लागत नाही.

सहावं, जोडणी. क्रम लक्षात ठेवा. सेलांच्या अधिक टोकापासून निघालं की लगेच दोन अँपियरचा फ्यूज, मग चालू-बंदचं बटण, मग वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, मग पुढे-मागे करणारा स्विच आणि शेवटी मोटर. वजा टोकाची तार कंट्रोलरला जाते. फ्यूज सेलांच्या अगदी जवळ हवा, दूर लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवत नाही. पुढे-मागेचा स्विच मधे 'बंद' असलेला घ्या आणि गाडी थांबल्यावरच फिरवा. धूर सोडणारी नळी असेल तर तिची तार काढून ठेवा, ती फुकट वीज खाते.

सोल्डरिंगची भीती बाळगू नका. नथीचा मोती ओवणारे आणि चकलीला काटे आणणारे हात ते सहज शिकतात. आधी तारेच्या तुकड्यांवर दहा वेळा सराव करा. खिडकी उघडी ठेवा, धूर नाकात जाऊ देऊ नका आणि नंतर हात साबणाने धुवा. काम ओट्यावर नको, पोळपाटाजवळ तर नकोच. हे सगळं सामान ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर मिळतं. नाक्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातही पुष्कळदा मिळून जातं.

सातवं, चाचणी. चाकं अधांतरी ठेवून पाच मिनिटं चालवा. नंतर सेल, तारा आणि मोटरला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसला तर बटण बंद करा आणि जोडणी पुन्हा तपासा. मग रुळांवर आणा.

चार्जिंगचा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. सेल होल्डरमधून काढून, त्याच जातीच्या चार्जरमध्ये, चार-चार करून चार्ज करावेत. गादीवर नाही, गॅसजवळ नाही आणि सगळे झोपल्यावर तर मुळीच नाही. विजेच्या बिलाची काळजी नको, एका युनिटमध्ये बाराही सेल पंधरा-वीस वेळा भरून निघतात. दूरनियंत्रक घेणार असाल तर त्यात बटणासारखा चपटा सेल आहे का ते पाहा. असल्यास त्याचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. लहान मुलाने तो गिळला, किंवा गिळल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपाय करत बसू नका. त्याच क्षणी इस्पितळ गाठा. तो सेल घशात अडकला तर थोड्या तासांत आतून जाळतो. निकामी झालेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आता 'गुपचूप'विषयी. इंजिन तुमच्या घरात असलं तरी ते मामंजींचं आहे. आयुष्यभर रेल्वेत काढलेल्या माणसाला आपल्या इंजिनाच्या तारा परस्पर सुटलेल्या दिसल्या, तर आनंदाआधी धक्का बसायचा. शिवाय गुडघे गेले असतील, माहिती गेलेली नाही. कुठली तार कुठे जाते, हे कदाचित तेच तुम्हाला सांगतील. काम जमिनीवर नको, जेवणाच्या टेबलावर मांडा, म्हणजे त्यांना खुर्चीवर बसून करता येईल. चष्मा आणि मीटर त्यांच्या हाती द्या, सोल्डरिंग तुम्ही करा आणि स्क्रू नातवंडांकडे सोपवा. "मामंजी, हे उघडायचं का?" असं विचारलंत आणि ते 'नको' म्हणाले, तर ते 'नको' मानावं लागेल. पण सगळं पूर्ववत करता येईल, जुने भाग नाव लिहिलेल्या पिशवीत राहतील, हे आधी सांगितलंत तर बहुतेक माणसं ऐकतात.

विकायचं की नाही, हाही निर्णय त्यांचाच. तोवर इंजिन माळ्यावरून उतरवून, पुसून, त्यांच्या नजरेसमोर ठेवा. काळे पडलेले रूळ मोडीत घालू नका, बॅटरीच्या गाडीला ते तसेच चालतात. रूळ अंथरायला खाली वाकणं जड जात असेल तर भिंतीकडेला दिवाण किंवा दोन टेबलं जोडून त्यावर मांडा. कडेला चार बोटांची लाकडी पट्टी ठोका, म्हणजे गाडी घसरली तरी जमिनीवर आदळणार नाही.