‘सगळ्याच गाड्यांना असतं’ म्हणण्याआधी

मौद्यात नवी चारचाकी घ्यायची म्हटली की आज बोलणं चार मीटरच्या आतल्या एसयूव्हीपासूनच सुरू होतं. धानाचे पैसे हाती आलेला शेतकरी असो, वीजकेंद्रात कंत्राट घेणारा असो की रोज नागपूरला अप-डाउन करणारा शिक्षक, उंच बसायला मिळावं, खालून गाडी घासू नये आणि बजेटही सांभाळावं, हे गणित सगळ्यांचं सारखंच. 22 सप्टेंबर 2025 पासून या गटाचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि मोठ्या गाड्यांचा 40 टक्के ठरला. त्यामुळे कल आणखी इकडेच झुकणार. आज शोरूममधून निघणाऱ्या या गाड्या वॉरंटी संपली की आपल्या गॅरेजच्या पिटवर येणार, हे धरून चालायला हवं.

तयारी म्हटली की आपल्याला आधी स्कॅनर आठवतो. तो लागतोच. पण आपल्या धंद्यात जास्त नुकसान यंत्राच्या अभावी होत नाही, एका ठरलेल्या उत्तरामुळे होतं. मालक म्हणतो, “भाऊ, गाडी ओढतच नाही”, “खालून काहीतरी वाजते”, “दिवा लागते अन् आपोआप जाते”. आपण बोनेटही न उघडता म्हणतो, “सगळ्याच गाड्यांना असतं.” काही वेळा ते खरंही असतं. पण खऱ्या बिघाडालाही आपण हेच सांगतो, तेव्हा मालक पुन्हा आपल्या दारात येत नाही. नव्या गाडीची तक्रार आली की ती गाडीचा स्वभाव आहे, वापराचा परिणाम आहे की कंपनीचा दोष, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

आधी स्वभाव. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोलला 1200, डिझेलला 1500 सीसीपर्यंतचं इंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि या वर्गाचा साचा तिथेच ठरला. 2009 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या प्रीमियरची रिओ आली, 2013 मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आणि 2016 मध्ये मारुतीची विटारा ब्रेझा. 2017 मध्ये रांजणगावहून नेक्सॉन निघाली, 2019 मध्ये नाशिकहून एक्सयूव्ही 300. तिची पुढची आवृत्ती 3 एक्सओ 2024 ची, आणि चाकणची स्कोडा कायलॅकही त्याच वर्षअखेरीस बाजारात आली. उंच, जड गाडीला छोटं इंजिन बसवायचं तर टर्बो आलाच, आणि टर्बो पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी तीन सिलिंडर आले.

कायलॅकच्या एक लिटर इंजिनाचा कमाल टॉर्क 178 न्यूटन-मीटर. तो मिळतो साधारण 1750 ते 4000 आरपीएमच्या पट्ट्यात. आता ही किंवा अशीच दुसरी मॅन्युअल गाडी मे महिन्यात अरोली-कोदामेंढीकडच्या रस्त्यावर चालवून पाहा. बाहेर 45 अंश, आत पाच माणसं, एसी पूर्ण, वेग तीस-पस्तीस आणि गिअर चौथा. आरपीएम 1400 च्याही खाली, टर्बो अजून जागा व्हायचा. मालक ॲक्सिलेटर दाबतो, गाडी गुरगुरते, थरथरते, पुढे सरकत नाही. जुन्या डिझेलवर हात बसलेल्या माणसाला वाटतं, इंजिनात दमच नाही. शेजारी बसून त्याला तिसरा गिअर टाकायला लावा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. बिल शून्याचं, पण गिऱ्हाईक कायमचं. याच मालकाला माथनीच्या टोलनाक्यापुढे मोकळा महामार्ग मिळाला की तोच म्हणेल, गाडी उडते. गाडी एकच, पट्ट्यात असली की खुशाल, पट्ट्याबाहेर गेली की हैराण.

उभ्या गाडीतला बारीक कंपही असाच. तीन सिलिंडरला तो असतोच. मात्र पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे की वाढला आहे, हे विचारायला विसरू नका. वाढला असेल तर आधी इंजिन माउंटिंग पाहा. तिथे ‘असतंच’ म्हणणं चूक ठरेल.

मग वापर. मौद्याचा वापर पुण्या-मुंबईच्या वापरासारखा नाही. इथे 2320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, राखेचे बल्कर आहेत, राइस मिलचा कोंडा आहे. पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट पाहत एअर फिल्टर ठेवला तर तो त्याआधीच गच्च होतो, आणि मालक ‘पिकअप गेला’ म्हणत येतो. केबिन फिल्टर तर कित्येकांनी पहिल्यापासून पाहिलेलाच नसतो. मग एसी कमी थंड करतो म्हणून विनाकारण गॅस भरला जातो. धान घरात आलं की उंदीरही येतात. ऊब शोधत ते बोनेटखाली शिरतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात. अशा गाडीत स्कॅनर सेन्सरचं नाव दाखवतो. सेन्सर मागवण्याआधी त्याची वायर बोटाने चाचपून पाहा.

डिझेल असेल तर डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, प्रश्न सर्वांत वर. घर ते शेत, शेत ते बाजार अशा चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टरमधली काजळी जळून जायला हवी तेवढी उष्णता तयारच होत नाही. दिवा लागला की मालक इंजिन बंद करतो, आणि जळायला सुरुवात झालेली काजळी अर्धवट राहते. गाडी एका दमात भंडाऱ्यापर्यंत नेऊन आणायला सांगितली तर बऱ्याचदा काम भागतं. डीपीएफ काढून टाकून ‘कटकट संपवणं’ मात्र बेकायदा आहे. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत ते करून देणारा मिस्त्री गिऱ्हाईकाला अडचणीत टाकतो.

तेलाबाबतही सवय सोडावी लागेल. ‘आपल्याकडे ऊन जास्त, जाड तेल बरं’ हा समज ट्रॅक्टरच्या जमान्यातला. छोट्या टर्बो इंजिनाच्या बेअरिंगला पातळ आणि ठरवून दिलेल्या प्रतीचंच तेल लागतं. कमी आरपीएमला जोर लावला की अशा इंजिनात अवेळी पेट घेण्याचा धोका असतो, आणि तो टाळण्याची तरतूद तेलाच्या प्रतीतच केलेली असते. डब्यावरचा ग्रेड आणि मॅन्युअलमधला ग्रेड एक आहे का, हे मालकाला दाखवूनच तेल टाका.

‘गाडी फार आपटते’ ही तक्रार आली की सस्पेन्शन उघडण्याआधी हवेचा गेज लावा. नागपूरहून चाळीस किलोमीटर धावून आलेल्या गरम टायरमध्ये दाब वाढलेलाच दिसतो. तो पाहून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर, आणि कडा झिजायला सुरुवात. दाब थंड टायरचाच मोजायचा. त्यानंतरही खडखड राहिली तर लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटिंग.

आता दोष. 2021 मध्ये चाकणहून आलेल्या कुशाकचं उदाहरण आपण सर्वांनी लक्षात ठेवावं. ही गाडी चार मीटरहून लांब, पण तिचं एक लिटर टर्बो इंजिन तेच, जे आज कायलॅकमध्ये आहे. गाडी बाजारात आल्यावर काही महिन्यांतच मालक सांगू लागले की चालताना ईपीसी दिवा लागतो आणि ताकद पडते. एकेकट्याने सांगितलं तेव्हा ते पेट्रोलच्या भेसळीवर किंवा चालवणाऱ्यावर ढकलता आलं असतं. पण वेगवेगळ्या शहरांतले लोक तोच दिवा आणि तीच लक्षणं सांगत होते. शेवटी कंपनीने इंधन पंपाचा प्रश्न मान्य केला आणि अधिक मजबूत पंप बसवले. दोष उघडा पडला तो तक्रारी सारख्या आणि नेमक्या होत्या म्हणून.

नेमकेपणाला आता कायद्याचाही आधार आहे. 1 एप्रिल 2021 पासून सदोष वाहनं परत बोलावण्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाडीचा मालक सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो, आणि ठराविक संख्येने तक्रारी आल्या की सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. सुरक्षेशी निगडित दोष वाटला तर हे मालकाला सांगणं आपलं काम आहे. गाडी वॉरंटीत असेल तर हात न लावता, व्हिडिओ काढून तिला अधिकृत सर्व्हिसला पाठवणंही आपलंच काम. त्यात आपला धंदा बुडत नाही; वॉरंटीनंतरच्या कामावर आपलाही हक्क आहे. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि तपासणी यंत्रणा मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 ला 14 कार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटींचा दंड सुनावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आपला हक्क कागदावर आला. तो वापरायचा तर आपली नोंदही कागदावर हवी.

मालक आणखी एक गोष्ट छातीठोकपणे सांगतात, “फाइव्ह स्टार गाडी आहे.” भारत एनकॅप ही धडक-चाचणी योजना 1 ऑक्टोबर 2023 ला सुरू झाली, आणि कायलॅक व 3 एक्सओ दोन्हींना तिथे पाच स्टार आहेत. पण ते स्टार धडकेतल्या सुरक्षेचे. चौथ्या वर्षी क्लच कसा राहील, सहाव्या पावसाळ्यात वायरिंग कसं टिकेल, हे त्यांत मोजलेलं नसतं. मौद्याच्या उन्हात, राखेत आणि चिखलात गाडी किती टिकली याचा हिशेब फक्त गॅरेजच्या वहीत राहू शकतो. आज आपल्या बहुतेक जॉबकार्डांवर ‘पिकअप प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांवरून उद्या काहीच सिद्ध होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहा. त्याखाली वेग, गिअर, एसी चालू होता की बंद, माणसं किती, इंजिन थंड की गरम, शेवटचं इंधन कुठे भरलं, हे टिपा. त्रास पहिल्या दिवसापासून आहे की मधून सुरू झाला, हे विचारा. मग मालकालाच गाडी चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसा. परत आल्यावर ठरवा: स्वभाव, वापर की दोष. ठरवलेलं कार्डावर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. ‘सगळ्याच गाड्यांना असतं’ असं म्हणायचंच असेल, तर त्या मॉडेलची आधीची चार कार्डं काढून दाखवता आली पाहिजेत. तशी कार्डं नसतील, तर या महिन्यापासून ठेवायला लागा.