संगणकाचेही पथ्य असते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा ज्या सरकारी रुग्णालयात नेमणुकीला होतो, तिथली पावसाळ्यातली बुधवारची सकाळ. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग दरवाजाबाहेर गेलेली. ऑपरेटरने संगणक सुरू केला आणि पडद्यावर सूचना आली : अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका. आकडा १२ टक्क्यांवरून रेंगाळत चाळिशीच्या पुढे गेला आणि तेवढ्यात वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. खालच्या यूपीएसची बॅटरी कधीच बाद झाली होती. वीज आल्यावर पडदा निळा झाला तो निळाच राहिला. पुढचे तीन दिवस केसपेपर हाताने लिहिले गेले.

त्या रांगेत वांगणीच्या पुढच्या एका पाड्यावरून आलेल्या आजी होत्या. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. मूत्रपिंडाचे काम किती चालले आहे हे पाहूनच मेटफॉर्मिनचा डोस ठरवावा लागतो, म्हणून मला त्यांचा मागचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हवा होता. घरातला कागद पावसात भिजून गेला होता आणि इथली नोंद त्या बंद संगणकात. ‘‘साहेब, मागच्या खेपेला रक्त दिलं होतं की, परत कशाला?’’ आजींचा प्रश्न बरोबर होता. रक्त पुन्हा घेतले, रिपोर्ट दुपारी चारला आला. आजींसोबत आलेल्या मुलीचा त्या दिवसाचा रोज बुडाला.

आरोग्याच्या सदरात संगणकाच्या अपडेटचा विषय का, याचे उत्तर या प्रसंगात आहे. आज केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांचा साठा, विम्याची मंजुरी, सगळे एका साध्या टेबलावरच्या संगणकातून जाते. तो आजारी पडला की रुग्णाचा खोळंबा होतो. तरीही त्याची देखभाल कोणी करायची, हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात माझे अनेक व्यवसायबंधू आहेत. अपडेटचा विषय काढला की प्रत्येकाकडे एक कहाणी असते. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये तीस वर्षे दवाखाना चालवणारे माझे एक मित्र म्हणाले, ‘‘डॉक्टर, मी अपडेट बंदच करून ठेवलंय. पाच वर्षं झाली, काही बिघडलं नाही.’’ संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलानेच ते बंद करून दिले होते, कारण त्यातली विंडोज विकत घेतलेली नव्हती. अंबरनाथच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये अपडेटनंतर प्रिंटर ओळखू येईना, आणि मराठी पत्रे टाइप करायचे जुने, युनिकोडपूर्व सॉफ्टवेअर उघडेना. बदलापूरच्या एका सोनोग्राफी केंद्रात नेमक्या ५ तारखेला संगणक दोन तास अडकला. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालील मासिक अहवाल पाठवण्याची ती शेवटची तारीख. रेडिओलॉजिस्ट बाईंच्या जिवाची किती घालमेल झाली असेल, हे त्या कायद्याशी संबंध आलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

या अनुभवांनंतर लोक अपडेटला घाबरले तर तो त्यांचा अडाणीपणा नव्हे. दवाखान्यात मी रोज असेच रुग्ण पाहतो. रक्तदाबाच्या गोळीने पहिल्या आठवड्यात चक्कर आली म्हणून गोळी बंद केलेली असते. ‘‘आता बरं वाटतंय, मग कशाला?’’ हा प्रश्न ठरलेला. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची खरी अडचण. अपडेट न केलेला संगणकही दुखत नाही. तो रोज सुरू होतो, बिले छापतो. एके दिवशी अचानक झटका येतो.

असा झटका ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला १२ मे २०१७ रोजी आला. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या. इंग्लंडमधील किमान ३४ टक्के रुग्णालय-ट्रस्टचे काम विस्कळीत झाले, हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, काही रुग्णालयांनी रुग्णवाहिका दुसरीकडे वळवल्या. चटका लावणारी गोष्ट पुढेच आहे. ज्या फटीतून हा विषाणू शिरला, ती बुजवणारे अपडेट १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झाले होते. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ वर चालत होते, म्हणजे त्यांच्यासाठी ही लस तयार होती. ती टोचली गेली नव्हती.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात जवळपास दोन आठवडे नोंदणीपासून रिपोर्टपर्यंतची कामे हाताने करावी लागली. तिथे हल्लेखोरांना नेटवर्कच्या सदोष विभागणीचा फायदा मिळाला होता. देखभालीत एकटे अपडेट पुरत नाही, हेही त्यातून दिसले.

आता दुसरी बाजू. अपडेटने नुकसान होते ही तक्रार खोटी नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे अपडेट आले आणि काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्समधील फायलीच नाहीशा झाल्या. मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांत थांबवावे लागले आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा द्यावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, ते अनेकांना आठवत असेल. जून २०१७ चा नॉटपेट्या हल्ला तर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला. त्याची झळ आपल्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क समूह चालवत असलेल्या टर्मिनललाही बसली.

मग औषधच नको म्हणायचे का? वैद्यकाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत कटर कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही कुप्यांत जिवंत विषाणू राहिला. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, अनेकांना कायमचे पंगुत्व आले, १० जण दगावले. त्यानंतर लस बंद झाली नाही; तिच्या तपासणीचे नियम कडक झाले. त्याच मार्गाने चालत २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. लस देण्याआधी आपण मुलाला ताप आहे का विचारतो, दिल्यावर अर्धा तास थांबवतो, आणि ॲड्रेनालिनची कुपी हाताशी ठेवतो. धोका मान्य करूनच ही तयारी केलेली असते. संगणकाच्या अपडेटला हीच शिस्त हवी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही शिस्त अवघड नाही. पहिली गोष्ट, वेळ आपण ठरवायची. मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. अमेरिकेतली ती सकाळ, म्हणजे आपल्याकडची रात्र. म्हणून आपल्या दवाखान्यातला संगणक अनेकदा बुधवारी सकाळी, नेमक्या गर्दीच्या वेळी अपडेट मागू लागतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये कामाचे तास नोंदवता येतात. त्या वेळेत संगणक स्वतःहून बंद-चालू होत नाही. अपडेट काही दिवस पुढे ढकलण्याचीही सोय आहे. आठवडाभर थांबून, इतरांना त्रास झाला नाही ना हे पाहून, ओपीडी संपल्यावर ते करावे. फक्त ‘काही दिवस’ म्हणजे ‘पाच वर्षे’ होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट, आधी बॅकअप. रुग्णांच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकाला कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या तावडीत तितकीच सापडते. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल उघडून पाहावी. न तपासलेला बॅकअप आणि न तपासलेला ऑक्सिजन सिलिंडर यांच्यावर सारखाच भरवसा ठेवावा, म्हणजे ठेवू नये.

तिसरी गोष्ट, वीज. आपल्या भागात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. अपडेट चालू असताना वीज जाणे म्हणजे शस्त्रक्रियेच्या मध्यात दिवे जाणे. चालू बॅटरीचा यूपीएस नसेल तर अपडेट सुरूच करू नये. लॅपटॉप असेल तर पूर्ण चार्ज करून आणि प्लग लावूनच करावे.

चौथी गोष्ट, कागद. अंबरनाथच्या ज्या लॅबचा उल्लेख वर केला, तिथे पुढे एकदा ऐन डेंग्यूच्या हंगामात संगणक अडकला. रक्त तपासणारे यंत्र मात्र चालू होते. तंत्रज्ञाने त्याच्या पडद्यावरचे आकडे रजिस्टरमध्ये लिहिले, दुसऱ्याला वाचून ताडून घेतले आणि प्लेटलेट धोक्याच्या पातळीला आलेल्या रुग्णाच्या डॉक्टरांना लगेच फोन केला. रुग्ण वेळेत दाखल झाला. तिथे कोरे रजिस्टर आणि त्याची सवय, दोन्ही शिल्लक होते.

एक इशाराही द्यायला हवा. सोनोग्राफी, एक्स-रे किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला जोडलेल्या संगणकात स्वतःच्या मनाने अपडेट करू नये. ते यंत्र ठरावीक सॉफ्टवेअरसह तपासून दिलेले असते. त्याचे अपडेट उत्पादक कंपनीच्या इंजिनीअरकडूनच करून घ्यावे. तोवर तो संगणक इंटरनेटपासून वेगळा ठेवावा आणि त्यावर मेल, व्हॉट्सअ‍ॅप उघडू नये.

विंडोज १० वापरणाऱ्यांपुढे याहून मोठा प्रश्न आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिला नेहमीचा आधार बंद झाला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची सोय ठेवली गेली. संस्थांसाठी ती पैसे भरून आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत. चांगले चालणारे यंत्र भंगारात घालायला सांगणे मला पटत नाही. नुसत्या नोंदी, टायपिंग आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षे त्यावर चालत आहेत. पण आधी आपले बिलिंगचे सॉफ्टवेअर आणि प्रिंटर त्यावर चालतो का, हे एका संगणकावर करून पाहावे.

आणि शेवटी जबाबदारीचा मुद्दा. सरकारी यंत्रणेत संगणक खरेदीसाठी निधी मिळतो, यूपीएसच्या बॅटरीसाठी मिळत नाही. ऑपरेटर कंत्राटी असतो. अपडेट करण्याचा अधिकार त्याला नसतो, पण बिघडल्यावर बोलणी त्यालाच बसतात. त्या बुधवारी रांगेतल्या लोकांनीही त्यालाच सुनावले. प्रत्येक रुग्णालयात अपडेट आणि बॅकअपसाठी एक नावानिशी जबाबदार माणूस, महिन्यातला एक ठरलेला दिवस आणि वार्षिक देखभालीची तरतूद हवी. औषधांची मुदत तपासण्याचे रजिस्टर असते, तसेच हे रजिस्टर असावे. खासगी डॉक्टरांनीही लक्षात घ्यावे की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने रुग्णांची माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती माहिती साठवणाऱ्यावर टाकली आहे. नकली विंडोज आणि कायमचे बंद केलेले अपडेट यांचे समर्थन तिथे करता येणार नाही.

कॅम्प ४ मधल्या मित्राला मी हेच सांगितले. तो म्हणाला, ‘‘म्हणजे आता मी तुझा पेशंट.’’ म्हटले, हो, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. त्याने परवाच्या रविवारी दवाखाना बंद ठेवून बॅकअप घेतला आणि विकत घेतलेली विंडोज टाकली. दिवसभर लागला. प्रिंटर अजून रुसलेला आहे, पण सोमवारी आलेल्या रुग्णांच्या जुन्या नोंदी जागेवर होत्या.

(लेखक शासकीय रुग्णालयात फिजिशियन आहेत.)