कोरियन चित्रकथा आणि मराठी मौन

दिवा-रोहा गाडीत बसलेल्या पेणच्या तरुणाला जपानी ‘मांगा’ किंवा कोरियन ‘मान्हवा’ या चित्रकथा मोबाइलवर वाचण्यास आज काहीच अडचण नाही. दोन मुलांमधील प्रेमाच्या लघुकथा हा त्यांतील जुना प्रवाह. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया या लेखिकांनी तो जपानमध्ये रुजवला, तोही मुख्यतः मुलींसाठी. त्यामुळे समलिंगी तरुणाच्या वास्तवापेक्षा त्यात स्वप्नरंजनच अधिक, हा आक्षेप अगदीच गैरलागू नाही.

पण मराठीने पर्याय कोणता दिला? तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात, ही सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ची कथा. कादंबरी अस्सल मराठी; २०२२ साली नेटफ्लिक्सवर आलेला तिचा चित्रपट मात्र हिंदी-इंग्रजीत!

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला. रोह्यातील मुलाला हे आईला सांगायचे झाल्यास कोणत्या शब्दांत सांगावे, हे कोरियन कथेच्या इंग्रजी भाषांतरातून त्याला कळणार नाही.